डॉक्टर आर्मावर हान्सेन ह्यांचे अल्पचरित्र

थोरांची चरित्रे म्हटली म्हणजे बहुधा राजे, सेनापती, कवी अथवा देशभक्त आपल्या मनःचक्षूंपुढे उभे राहतात. काचेच्या एका लहानशा पट्टीवर वर्षानुवर्षे दृष्टी खिळवून ज्यांनी मनुष्यजातीच्या कपाळीचा जुना कलंक पुसण्यास आरंभ केला, अशांची आठवण क्वचितच होते. अशांपैकी एका वैद्याचे चरित्र आम्ही ह्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. हे वैद्य दूरच्या नॉर्वे देशचे. तथापि त्यांच्या कार्याचा संबंध आपल्या विदर्भाशी फार जवळचा आहे. वणीकडून वर्धा नदी ओलांडून पलीकडे गेले म्हणजे वरोऱ्याचे आनंदवन लागते. वर्ध्याजवळ दत्तपूर, अमरावतीस तपोवन व अचलपूरजवळ कोठारा ही ठिकाणे आहेत. ही सर्व ज्या रोगाने पीडितांच्या सेवेसाठी उभी राहिली, त्या कुष्ठरोगाचा जंतू प्रथम ज्यांच्या दृष्टीस पडला, ते हे डॉक्टर गेरहार्ड आर्मावर हान्सेन होत.

हान्सेन ह्यांचा जन्म दिनांक २९ जुलै १८४१ रोजी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन शहरी झाला. पंधरा भावंडांतील हे आठवे. वडील व्यापारी होते. परंतु पुढे व्यापार बुडाला व मोठ्या कुटुंबास ओढगस्तीचे दिवस आले. गेरहार्डने मात्र विद्या सोडली नाही. १८५९ साली तो ख्रिस्तियानिया, म्हणजे हल्लीचे ऑस्लो, येथील विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासास गेला व स्वतः शिकवण्या करून त्याने आपला खर्च भागविला. १८६६ साली उत्तम रीतीने पदवी संपादन केल्यावर काही काळ त्यांनी उत्तरेकडील लोफोटेन बेटांवरील कोळी लोकांत वैद्यकी केली आणि १८६८ साली ते आपल्या जन्मगावी परत आले. ह्या गोष्टीकडे आम्ही आमच्या गरीब विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. दुसऱ्यास शिकवून स्वतः शिकणे ह्यात कमीपणा नाही, उलट भूषण आहे.

त्या काळी बर्गेन हे कुष्ठरोग्यांचे शहर म्हणून युरोपात प्रसिद्ध होते. तेथील सेंट यॉर्गेन रुग्णालय पंधराव्या शतकापासून ह्या रोग्यांस आसरा देत आले होते. नॉर्वे सरकारने १८५६ साली देशातील प्रत्येक कुष्ठरोग्याची नोंदवही तयार करण्यास आरंभ केला, तेव्हा त्या लहानशा देशात सुमारे २,८०० रोगी आढळले. शेतकरी व कोळी ह्यांच्या गरीब झोपड्यांत हा रोग विशेष दिसे. हातापायांची बोटे झडत, डोळे जात, चेहऱ्यावर गाठी येत. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही की, ज्या घरात रोगी निघे त्या घराशी कोणी सोयरीक करीत नसे.

ह्याचे कारण काय? आपल्याकडे पूर्वजन्मीचे पाप किंवा देवाचा कोप असे म्हणत, तर युरोपातील विद्वान वैद्य हा रोग रक्तातून पिढ्यान् पिढ्या उतरतो असे मानीत. ह्या मताचे मोठे पुरस्कर्ते डॉक्टर डानिएलसेन हे बर्गेनचेच. त्यांनी डॉक्टर बॉक ह्यांच्यासह १८४७ साली कुष्ठरोगावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो त्या विषयावरील पहिला शास्त्रशुद्ध ग्रंथ गणला जातो. रोग संसर्गजन्य नाही अशी त्यांची एवढी खात्री होती की, रोग्याच्या गाठीतील द्रव्य त्यांनी स्वतःच्या अंगात टोचून घेतले. आणि त्यांस रोग झाला नाही. अशा निर्भय व प्रामाणिक गुरूच्या हाताखाली तरुण हान्सेन काम करू लागले, आणि थोड्याच काळात ह्या गुरूच्याच मताविषयी त्यांस शंका येऊ लागली.

शंका येण्यास कारण होते. नोंदवही चाळताना व खेडोपाडी हिंडताना हान्सेन ह्यांस असे दिसले की, रोग घराण्याच्या रक्तापेक्षा घराच्या छपराला अधिक चिकटलेला आहे. जी माणसे एका अंथरुणावर निजत व एका खोलीत कोंडून राहत, त्यांत तो पसरे. तीच माणसे दूर गेली म्हणजे थांबे. वारशाने येणारा रोग असा वागता ना. तेव्हा ह्या रोगास काही तरी बाहेरून येणारे कारण असले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १८७० साली ते बॉन व व्हिएन्ना येथे सूक्ष्मदर्शक यंत्राच्या उच्च अभ्यासासाठी गेले, आणि परत येऊन रोग्यांच्या गाठींतील द्रव्य त्या यंत्राखाली तपासू लागले.

दिनांक २८ फेब्रुवारी १८७३ हा दिवस वैद्यकाच्या इतिहासात संस्मरणीय ठरला. त्या दिवशी एका रोग्याच्या गाठीतून काढलेल्या द्रव्यात हान्सेन ह्यांस अत्यंत बारीक, सरळ काडीसारखे पदार्थ दिसले. मनुष्यास होणाऱ्या दीर्घकालीन रोगाचे कारण म्हणून कोणी जंतूकडे बोट दाखविल्याचा हा अगदी पहिल्या प्रसंगांपैकी एक होय. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी जाहीर केला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, १८८२ साली.

परंतु ज्या वर्षाने त्यांस हे यश दिले, त्याच वर्षाने त्यांच्या घरावर घाला घातला. १८७३ च्या जानेवारीत त्यांचा विवाह गुरुकन्या स्टेफानी हिच्याशी झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात ती क्षयाने मृत्यू पावली. कुष्ठरोगाचा जंतू व क्षयाचा जंतू हे एकाच कुळातील होत, हे पुढे सिद्ध झाले. दिवसा ज्या वैऱ्याच्या मागावर हान्सेन होते, त्याच्याच भाऊबंदाने त्यांची पत्नी हिरावून नेली. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा विवाह केला. गुरूचे मत त्यांनी खोडून काढले, परंतु त्यांच्यावरील भक्ती सोडली नाही. मुलगा झाला त्यास त्यांनी डानिएलसेन ह्यांचेच नाव दिले. मतभेद आणि वैर ह्या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे ह्यावरून आमच्या विद्यार्थ्यांनी शिकावे.

ह्याच सुमारास आपल्या मुंबईचा एक डॉक्टर बर्गेन येथे जाऊन आला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे ते गृहस्थ. ग्रे ह्यांच्या सुप्रसिद्ध शरीरशास्त्राच्या ग्रंथातील आकृत्या काढणारे कार्टर ते हेच. १८७३ साली नॉर्वेतील रोगी व रुग्णालये पाहून त्यांनी हिंदुस्थानच्या दृष्टीने एक वृत्तान्त लिहिला व तो पुढील वर्षी प्रसिद्ध झाला.

आता येथे एक अडचण होती, व तिच्यातच ह्या चरित्राचे मर्म आहे. जंतू हा जवळजवळ पारदर्शक असतो. पाण्यात टाकलेला काचेचा तुकडा जसा दिसून न दिसल्यासारखा होतो, तसाच तो सूक्ष्मदर्शकाखाली असतो. आपण पाहिले ते खरोखर जंतू आहेत की पेशींचा कचरा, हे इतरांस पटवून देण्याचे साधन हान्सेन ह्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी ऑस्मिक आम्लाचा उपयोग करून पाहिला, परंतु चित्र मनाजोगे स्वच्छ उमटले नाही. म्हणून १८७४ साली आपला वृत्तान्त प्रसिद्ध करताना त्यांनी अत्यंत सावध भाषा वापरली. जेवढे दिसले तेवढेच त्यांनी सांगितले. अधिक एक शब्द नाही.

ह्या अडचणीवरील तोड निराळ्याच ठिकाणी तयार होत होती. १८५६ साली इंग्लंडात पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरातील द्रव्यांपासून जांभळा रंग तयार केला, आणि कापड रंगविण्याचे नवे रंग झपाट्याने निघू लागले. जे रंग कापसाच्या व रेशमाच्या धाग्यांत मुरतात ते जंतूंतही मुरतात, हे जर्मन संशोधकांच्या लक्षात आले. आमच्या यवतमाळच्या मुलांस कापूस नवा नाही. त्याच कापसाच्या कापडासाठी निघालेल्या रंगांनी अदृश्य जंतूंस दृश्य केले, ही मोठी नवलाची गोष्ट नव्हे काय?

१८७९ सालच्या उन्हाळ्यात आल्बर्ट नायसर नावाचे चोवीस वर्षांचे जर्मन डॉक्टर ब्रेस्लाऊहून बर्गेन येथे आले. हान्सेन ह्यांनी त्यांस मोकळ्या मनाने सर्व काही दाखविले व रोग्यांच्या गाठींचे नमुनेही दिले. नायसर ह्यांनी घरी जाऊन ते नमुने फुक्सीन व जेन्शन व्हायोलेट ह्या रंगांनी रंगविले. काड्या स्पष्ट दिसल्या. लगेच त्यांनी लेख प्रसिद्ध करून जंतूच्या शोधाचा मान जवळजवळ सर्वस्वी आपल्याकडे घेतला. ज्यांनी नमुने दिले त्यांचे कष्ट मागे पडले.

हान्सेन स्वभावाने शांत होते. परंतु मित्रांनी व डानिएलसेन ह्यांनी आग्रह केला, तेव्हा त्यांनी १८८० साली निरनिराळ्या भाषांत लेख लिहून आपण १८७३ पासून काय काय केले, ते तारीखवार मांडले. त्यांत शिवीगाळ नव्हती. केवळ पुरावा होता. पुढे जगाने त्यांचाच हक्क मान्य केला. तथापि नायसर ह्यांच्यावरही अन्याय होऊ नये. ज्यांनी प्रथम पाहिले ते हान्सेन, आणि ज्यांनी इतरांस स्वच्छ पाहता येईल असे केले ते नायसर. शास्त्राला दोघेही हवे असतात. चुकले ते एवढेच, की एकाने दुसऱ्याचा वाटा सांगितला नाही. परीक्षेत शेजाऱ्याची वही पाहून लिहिणे जसे वाईट, तसेच दुसऱ्याच्या श्रमावर मौन पाळणेही वाईट.

ह्यानंतर जंतू रंगविण्याची कला शीघ्र गतीने वाढली. १८८२ साली एर्लिख ह्यांस आढळले की, क्षयाच्या जंतूत एकदा रंग मुरला म्हणजे आम्लाने धुतले तरी तो निघत नाही. झील व नीलसेन ह्या दोघा जर्मनांनी ही रीत सुधारली, आणि तीच अद्यापि जगभर चालते. १८८४ साली डेन्मार्कचे ग्राम ह्यांनी दुसरी एक रीत काढली. तीत जांभळा रंग व आयोडीन घालून मग मद्यार्काने धुतात. काही जंतू जांभळे राहतात, काहींचा रंग जातो. आणि एवढ्यावरून जंतूंचे दोन मोठे वर्ग पाडता येतात.

झील व नीलसेन ह्यांची रीत आमच्या वाचकांस थोडक्यात सांगतो. रोग्याच्या कानाच्या पाळीची कातडी चिमटीत घट्ट धरून पात्याने बारीकशी चीर पाडतात व आतील द्रव काचपट्टीवर पसरतात. पट्टी वाळवून दिव्याच्या ज्योतीवरून फिरवितात. मग तिच्यावर कार्बोल फुक्सीन हा तांबडा रंग ओततात व खालून ऊब देतात. वाफ निघावी परंतु उकळी फुटू नये. त्यानंतर पट्टी पाण्याने धुऊन सौम्य आम्लाने पुन्हा धुतात आणि शेवटी मेथिलिन ब्लू हा निळा रंग देतात. सर्व काही निळे दिसते, परंतु कुष्ठरोगाचे जंतू तेवढे लाल राहतात. कोठे ते एकेकटे असतात, तर कोठे मोळी बांधल्याप्रमाणे एकत्र.

असे का होते? बाजारात लुगडे घेताना घरच्या बायका रंग पक्का की कच्चा हे विचारतात. पाण्यात टाकताच उतरतो तो कच्चा व धुऊनही टिकतो तो पक्का. ह्या जंतूच्या अंगावर मेणासारखे आवरण असते. उष्णतेने तांबडा रंग त्या आवरणात शिरतो आणि मग आम्लासही बाहेर काढता येत नाही. इतर बहुतेक जंतूंचा रंग कच्चा, ह्यांचा पक्का. क्षयाच्या जंतूपेक्षा कुष्ठरोगाचा जंतू हा रंग किंचित हलक्या हाताने धरतो. म्हणून त्यास धुताना सौम्य आम्ल वापरावे लागते. ज्या आवरणाच्या जोरावर हा शत्रू शरीरात वर्षानुवर्षे लपून राहतो, त्याच आवरणाने तो काचपट्टीवर पकडला जातो.

आता हान्सेन ह्यांच्या आयुष्यातील एक काळा दिवस सांगणे आम्हांस प्राप्त आहे. चरित्र म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. जंतू दिसला, तरी तोच रोगाचे कारण आहे हे सिद्ध करण्यासाठी तो प्रयोगशाळेत वाढविता येणे आवश्यक होते. परंतु तो काही केल्या वाढेना. जनावरांत टोचून पाहिला, तोही प्रयत्न फसला. तेव्हा नोव्हेंबर १८७९ मध्ये हान्सेन ह्यांनी कारी नावाच्या तेहतीस वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, दुसऱ्या रोग्याचे द्रव्य लावलेली सुई टोचली. तिला आधीच सौम्य प्रकारचा कुष्ठरोग होता. त्यातून गाठींचा प्रकार उद्भवतो काय, हे त्यांस पाहावयाचे होते. त्यांनी तिची संमती घेतली नाही. ती नकार देईल हे ते जाणून होते. कारी गरीब होती, परंतु गप्प बसली नाही. तिने आपले गाऱ्हाणे रुग्णालयाच्या पाळकांपुढे मांडले व प्रकरण न्यायालयात गेले. दिनांक ३१ मे १८८० रोजी निकाल लागला. हान्सेन ह्यांची रुग्णालयातील निवासी वैद्याची जागा गेली. जगाने ज्यांचा गौरव करावा अशा पुरुषाविरुद्ध एका निराधार रोगिणीस न्याय मिळाला, ही गोष्ट आम्हांस हान्सेन ह्यांच्या शोधाइतकीच मोलाची वाटते. गुरू डानिएलसेन ह्यांनी सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. शिष्याने ती दुसरीच्या अंगात न विचारता टोचली. आपल्या बाबा आमटे ह्यांनीही कलकत्त्यास अशाच प्रयोगासाठी स्वतःचे शरीर आपखुशीने देऊ केल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. हेतू कितीही उच्च असो, दुसऱ्याचे शरीर हे आपल्या ज्ञानाचे साधन नव्हे.

शिक्षा झाली, तरी सबंध देशाचे कुष्ठरोगविषयक मुख्य वैद्याधिकारी हे पद हान्सेन ह्यांच्याकडे राहिले, आणि पुढील तीस वर्षे त्यांनी त्याचे चीज केले. १८७७ व १८८५ साली त्यांच्या सल्ल्याने कायदे झाले. निराश्रित रोग्यांस दारोदार पाठविण्याची चाल बंद झाली. रोग्यास घरी राहावयाचे तर निराळी खोली अथवा निराळे अंथरूण व भांडी असावीत, नाही तर त्याने रुग्णालयात राहावे, असे ठरले. १८८८ साली ते अमेरिकेत गेले. तेथे वसाहतीस गेलेल्या नॉर्वेजियन रोग्यांच्या मुलानातवंडांस त्यांनी शोधून काढले, तो त्यांत एकासही हा रोग आढळला नाही. घर स्वच्छ व ऐसपैस झाले आणि वारसा खोटा ठरला! इकडे नॉर्वेत रोग्यांची संख्या उतरत जाऊन विसाव्या शतकाच्या आरंभी ती सहाशेच्याही आत आली. १९०९ साली बर्गेन येथे कुष्ठरोगविषयक दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी हान्सेन होते. दिनांक १२ फेब्रुवारी १९१२ रोजी, किनाऱ्यावरील फ्लोरो ह्या गावी, तपासणीच्या दौऱ्यावर असतानाच त्यांस मृत्यू आला. सेंट यॉर्गेन रुग्णालयातील शेवटचे दोन रोगी १९४६ साली वारले; आज तेथे संग्रहालय आहे.

हान्सेन ह्यांस जो जंतू वाढविता आला नाही, तो आजतागायत कोणासही कृत्रिम अन्नावर वाढविता आलेला नाही. १९६० साली उंदराच्या पंज्यात व १९७१ साली आर्मडिलो नावाच्या प्राण्यात तो वाढला. औषधे मात्र सापडली. विसाव्या शतकाच्या मध्यास डॅप्सोन आले. १९८१ नंतर तीन औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला. आता सहा महिने ते एक वर्ष नियमाने औषध घेतल्यास रोगी पूर्ण बरा होतो व उपचार सुरू होताच थोड्या अवधीत त्याच्यापासून दुसऱ्यास धोका उरत नाही. शंभरांतील सुमारे पंचाण्णव माणसांस हा रोग मुळी होतच नाही. १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदा भारताने २०१६ साली रद्द केला, आणि २०१९ साली ख्रिस्ती विवाहासह सर्व धर्मांच्या विवाह कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण काढून टाकण्यात आले.

कायद्यातून कलंक गेला. मनातून गेला काय? जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजून आपल्याच देशात आढळतात, आणि त्यांतील पुष्कळ केवळ लाजेमुळे उशिरा येतात. म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, मुलाच्या अंगावर फिकट अथवा लालसर चट्टा दिसला आणि त्या जागी स्पर्श कळत नसला, तर तो झाकून ठेवू नये. त्यास सत्वर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे औषध विनामूल्य मिळते. उशीर झाला तर हातापायांस आलेले व्यंग औषधाने परतत नाही.

प्रभू येशूने कुष्ठरोग्यास हात लावून बरे केले, ही गोष्ट आमच्या मुलांनी लहानपणापासून ऐकली आहे. मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ साली दत्तपूर येथे, डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी तपोवनात, मिशनच्या सेवकांनी कोठारा येथे आणि बाबा आमटे ह्यांनी आनंदवनात तोच हात पुढे केला. हान्सेन ह्यांनी दुसऱ्या मार्गाने त्यास बळ दिले. हा रोग शाप नसून एक जंतू आहे, हे त्यांनी जगास दाखविले. ज्याचा शत्रू दिसला त्याची भीती निम्मी सरली. विद्यार्थ्यांनो, तुम्ही प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकास डोळा लावाल तेव्हा हान्सेन ह्यांची चिकाटी आठवा. आणि जेव्हा एखाद्या दुबळ्या मनुष्यावर तुमची सत्ता चालत असेल, तेव्हा कारीचीही आठवण ठेवा.